मिशीवरून पाणी

मालवणला हल्ली किल्ला बघायला कोणी जात नाही. लोक स्कुबा करायला जातात, आणि किल्ला वाटेतच समुद्रात उभा असल्यामुळे तोही बघून होतो. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, पायात शिसं ओतलं, चहूकडे खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, हे सगळं प्रस्तुत लेखकाने होडीत बसल्या बसल्या कुटुंबाला सांगितलं. कुटुंब त्या वेळी लाइफ जॅकेटचे बंद लावत होतं.

प्रस्तुत लेखकाला पोहता येत नाही. कन्येने बुकिंग करताना फोनवर ही गोष्ट काळजीच्या सुरात सांगितली, तेव्हा पलीकडून उत्तर आलं की पोहता न येणारेच बरे. येणारे उगाच हातपाय मारतात. पन्नाशी उलटल्यावर आपल्या एखाद्या उणिवेची कोणीतरी अशी कदर केली की माणूस हुरळतो. लेखकमहाशय हुरळले.

दांडीच्या किनाऱ्यावर एका टपरीवजा कचेरीत फॉर्म भरायचा होता. दमा आहे का, रक्तदाब आहे का, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन? सगळ्यांपुढे बाणेदारपणे ‘नाही’ लिहून खाली स्वतःच्या जबाबदारीवर सही झाली. मिशी आहे का, हा रकाना त्या फॉर्मवर नव्हता. असायला हवा होता.

ही मिशी साधी नव्हे. ती लग्नाच्या फोटोत आहे, आधार कार्डावर आहे. कन्या लहान असताना तिला चित्रातले बाबा ओळखायची तीच एक खूण होती, कारण बाकी चेहऱ्यात लक्षात राहण्यासारखं विशेष काही नाही. होडी किल्ल्याच्या बाजूला नांगर टाकून डुलू लागली, आणि बावीस-तेवीस वर्षांच्या पोराने लेखकाच्या तोंडाला मास्क लावून बघितला, काढला, पुन्हा लावला. मग मिशीकडे गवंडी भिंतीच्या भेगेकडे बघतो तसं बघितलं.

“काका, मिशी आड येता,” तो म्हणाला.

मास्कची रबरी कड कातडीला घट्ट बसली तरच पाणी बाहेर राहतं. मधे केस आले की प्रत्येक केसाच्या बाजूने पाण्याला वाट मिळते. आणि मास्क हवाच, कारण आपले डोळे हवेत बघण्यासाठी झालेले. डोळ्यासमोर हवेचा कप्पा नसेल तर पाण्याखाली सगळं धूसर. शिवाय त्या कप्प्यात नाक कोंडलेलं असतं, म्हणून श्वास तोंडानेच घ्यायचा. थोडक्यात, मिशी नेमकी चुकीच्या जागी उगवलेली. यावर दोन उपाय असतात. एक वस्तरा. त्याचा उल्लेख होताच लेखकपत्नीच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला, त्याची नोंद घेण्यात आली आहे. दुसरा व्हॅसलीन. पोराने डबीतून बोटभर काढून ते मिशीला असं काही फासलं की उरलेला दिवसभर लेखकाच्या सोलकढीला, बांगड्याला आणि चहाला एकच चव होती.

“श्वास तोंडान घेवचो, नाकान नाय. घाबरू नकात. मी आसंय.”

मग खुणा शिकवल्या. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे सगळं ठीक. अंगठा वर म्हणजे ‘मला वर न्या’. अंगठा खाली म्हणजे खाली चला. दुखत असेल तर कानाकडे बोट. प्रस्तुत लेखक हा जन्मभर पहिल्या बाकावर बसणारा. त्याने खुणांची दोनदा उजळणी केली, पाठीवरच्या सिलिंडरमध्ये निव्वळ ऑक्सिजन नसून दाबून भरलेली साधी हवाच असते, हेही शेजारच्या कोल्हापूरच्या जोडप्याला समजावलं, आणि कुस्तो व गान्याँ या दोन फ्रेंच माणसांनी १९४३ मध्ये मागू तेवढीच हवा देणारं हे यंत्र कसं सिद्ध केलं, ते सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात कोणीतरी नळी तोंडात कोंबली. फार योग्य वेळ साधली, असं कोल्हापूरकरांचं मत दिसलं.

खाली जाताना कानाला दडे बसतात. दहा मीटरवर दाब हवेतल्या दाबाच्या दुप्पट होतो. इथे पर्यटकाला पंधरा-वीस फुटांवरच ठेवतात, पण कानाला तेवढंही पुष्कळ. नाक दाबून हळूच फुंकलं की कान मोकळे होतात. झाले. लेखक खूश. समोर दगड, दगडावर पोवळी, पोवळ्यांवर काहीतरी हलणारं. आणि नेमकं तेव्हा डाव्या मिशीच्या टोकाकडून पाणी आत यायला लागलं.

आधी थेंब. मग धार. मग नाकपुड्यांपर्यंत तळं. नाकात पाणी शिरलं की तोंडाने श्वास घ्यायचा हे डोक्याला माहीत असतं, नाकाला नसतं. लेखकाने क्षणाचाही विलंब न लावता, शिकवल्याप्रमाणे, अगदी पुस्तकी खूण केली: अंगठा वर.

पोराने हसून स्वतःचा अंगठा वर केला आणि कॅमेरा पुढे धरला.

यात त्याचा दोष नाही. दिवसभरात खाली उतरणारी बहुतेक माणसं शिकवलेलं विसरून ‘एकदम झकास’ या अर्थी अंगठा दाखवतात. प्रत्येक अंगठ्याला माणूस वर काढायचं ठरवलं तर धंदा बुडेल. अनुभवी पोराने त्या खुणेवर विश्वास ठेवणंच सोडलेलं. तेव्हा लेखकाने दुसराही अंगठा वर केला. दोन्ही हात जोरजोरात हलवले. पोरगा आणखी जवळ आला, चेहऱ्याचा क्लोजअप घेतला, मग बाजूने एक, मग मासे मागे येतील असा एक.

अखेर मास्कच्या काचेआड अर्ध्यापर्यंत आलेला समुद्र त्याला दिसला. त्याने कॅमेरा सोडला. तळवा लेखकाच्या कपाळावर ठेवून मास्कची वरची कड दाबली, दुसऱ्या हाताने हनुवटी वर उचलली आणि स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवून ‘फुंका’ अशी खूण केली. लेखकाने फुंकलं. पाणी खालून निघून गेलं. पुन्हा फुंकलं. डोळ्यासमोरची काच कोरडी झाली. लहानपणी सर्दी झाल्यावर कपाळ धरून ‘शिंकर’ म्हणणारं एक माणूस होतं, त्यानंतर असं कपाळ कोणी धरलं नव्हतं. पोराने वर्तुळाची खूण केली: ठीक? लेखकाने वर्तुळ केलं. ठीकच होतं. हात मात्र त्याने कपाळावरून बराच वेळ काढला नाही.

मग मासे दिसले. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे, कोणाची पर्वा न करणारे. पाण्याखाली वस्तू आहेत त्याहून मोठ्या आणि जवळ दिसतात, त्यामुळे लेखकाने पकडायला हात पुढे केला तेव्हा हाताला काहीच लागलं नाही. आणि मग एक तरंगतं, चंदेरी, झुपकेदार काहीतरी शांतपणे समोरून गेलं. वेफर्सचं रिकामं पाकीट. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. वर आल्यावर लेखकाने होडीतल्या मंडळींना हे सांगितलं, ज्यांच्या पायाशी त्याच वेफर्सची आणखी दोन पाकिटं होती. सगळ्यांनी मान डोलावली. एकाने लेखकालाच वेफर्स देऊ केले.

परतताना पोरगा इंजिनापाशी बसला. त्याचे वडील रापणीवर होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून गावाने मिळून ओढायचं भलंमोठं जाळं, आणि ओढल्यावर येईल ते सगळ्यांनी वाटून घ्यायचं. यांत्रिक बोटी खोल समुद्रातच मासा उचलतात, किनाऱ्यापर्यंत काय येणार, असं तो कसलीही तक्रार नसलेल्या आवाजात म्हणाला. पावसाळ्यात समुद्र खवळला की स्कुबाही बंद. तेव्हा काय करता, यावर तो म्हणाला, “घरात ऱ्हवतंय,” आणि हसला.

दुपारी पॅकेजमधली बनाना राइड होती. पिवळं रबरी केळं, वर सहा माणसं, पुढे ओढणारी स्पीडबोट. शेवटी उलटवतात, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, तरी लेखकाने चालकाला विचारलं, उलटवणार नाही ना? “छे हो काका.” उलटवलं. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं नाही. देवबागचा संगम, कर्ली नदी आणि संध्याकाळ, हेही उत्तम होतं.

रात्री व्हिडिओ आला. त्यात व्हॅसलीनने चकाकणाऱ्या मिशीचे प्रस्तुत लेखक दोन्ही अंगठे उंचावून आनंदाने बेभान झालेले दिसतात. कन्येने तो लगेच कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. “काय एन्जॉय करतोय!” असं तिघांनी लिहिलं. मेव्हण्यांनी, आपणही पुढच्या महिन्यात जातोय, कोणाकडे बुकिंग केलं, असं विचारलं. त्यांनाही मिशी आहे. सातारच्या आत्याचा आवाजी निरोप सगळ्यांत शेवटी आला. तिने व्हिडिओ पुरता बघितला होता.

“अरे, तो कपाळ धरणारा मुलगा कोण? त्याला जेवायला तरी घातलंत का?”

घातलं नव्हतं. सकाळी लेखकपत्नी डब्यात घावणे भरून दांडीवर गेली, तर पोरगा दुसऱ्या एका काकांच्या मिशीला व्हॅसलीन लावत होता. दोन्ही हात चिकट. तिने पहिला घास त्याला भरवला, डबा होडीत ठेवला आणि त्या काकांना बजावलं, “अंगठा नका हं दाखवू.”