घरच्या घरी रॉयल ओक

साहित्य : स्टीलचं जाड बुडाचं एक पातेलं, चावीचं जुनं एचएमटी, प्लंबिंगच्या दुकानातला मोठा वायसर. बाकीचं वेळोवेळी घरातूनच उचलायचं आहे.

आधी मूळ घड्याळाची ओळख. स्वित्झर्लंडच्या ओदमार पिगे कंपनीने १९७२ साली बाझलच्या प्रदर्शनात ‘रॉयल ओक’ मांडलं. आराखडा जेराल्ड जेंटा यांचा, आणि ते सांगत त्याप्रमाणे एका रात्रीत काढलेला. पाणबुड्याच्या शिरस्त्राणावरून त्यांना अष्टकोनी कडं आणि त्यावरचे आठ स्क्रू सुचले. घड्याळ स्टीलचं, किंमत मात्र सोन्याच्या घड्याळांना मान खाली घालायला लावणारी. ज्या समाजात स्टीलच्या डब्यावर आहेर करणाऱ्याचं नाव कोरून देतात, त्याला ही कल्पना आधी सुचायला हवी होती, असं माझं नम्र मत आहे.

आता कृती. पातेल्याचं बूड कापून घ्या. मध्ये अ‍ॅल्युमिनियम भरलेलं सँडविच बूड नको, निखळ स्टील हवं. मूळ घड्याळ ३९ मि.मी.चं आहे, त्या मापाचा अष्टकोन कानशीने घासून काढा. खरी परीक्षा यानंतर. कड्याचा वरचा भाग स्टीलच्या काथ्याने एकाच दिशेने घासायचा, सगळ्या रेघा समांतर, चकाकी अजिबात नको. त्याला लागून असलेली तिरकी धार मात्र तोंड दिसेल इतकी लखलखीत, आणि दोन्हींमधली सीमारेषा कुठेही पुसट होता कामा नये. भांडी घासणारा हात सवयीने गोल फिरतो. एकदा गोल फिरला की पुन्हा श्रीगणेशा. स्टील घडवणं इतकं जिकिरीचं, की रॉयल ओकचे पहिले नमुने म्हणे पांढऱ्या सोन्यात केले. ते सोपं पडलं. तेव्हा पातेलं दाद देत नसेल तर आईकडे पाटल्यांची चौकशी करायला हरकत नाही. लांबून करा.

स्क्रूंची एक गंमत आहे. आठही स्क्रू पांढऱ्या सोन्याचे, डोकी षट्कोनी आणि तशाच षट्कोनी खळग्यांत बसवलेली, त्यामुळे ते जागचे हलत नाहीत. आवळायचे ते मागच्या बाजूने. म्हणून तर वरच्या सगळ्या चिरा इतक्या शिस्तीत दिसतात. आपण कुड्यांच्या फिरक्या वापरू. चार जोड पुरतात. फिरकी फिरते हा तिचा दोष एम-सीलने दूर होतो. खाली वायसर घाला. तो बाहेरून दिसला तरी लाजू नका, मूळ घड्याळातही काळी रबरी कड दिसतेच.

तबकडीवर बारीक चौकोनांची नक्षी हवी. ती भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून करून घ्या. तो “नाव काय टाकू?” असं विचारेल. “चौकोन,” म्हणा. तो ‘चौकोन’ असं टाकून देईल. दुसरी तबकडी जवळ ठेवा.

आतलं यंत्र हा किरकोळ भाग. जपानच्या सिटिझनच्या मदतीने १९६१ साली बंगलोरला घड्याळं करू लागलेल्या एचएमटीचं १७ माणकांचं ‘जनता’ उत्तम. मूळ यंत्र अवघं ३.०५ मि.मी. जाडीचं आणि हात हलला की आपोआप चावी बसणारं. आपल्याला थोडं पोट सुटेल. सेकंद काटा काढून टाका. मूळ घड्याळातही तो नव्हता, आणि त्यामुळे घड्याळ बंद आहे हे समोरच्याला लगेच कळत नाही.

पट्ट्याची प्रत्येक कडी आधीच्या कडीपेक्षा केसभर अरुंद लागते. एवढी चिकाटी असलेला माणूस हे वाचत बसला नसता. कातडी पट्टा लावा.

आता मुख्य काम, किंमत. पातेलं, वायसर, मजुरी अशी बेरीज करू नका. मराठी उद्योजक तिथेच मार खातो. सराफाकडे सोन्याच्या घड्याळाचा भाव विचारा आणि त्याच्या वरचा आकडा सांगा. कुणी तयार झालाच तर लगेच देऊ नका. मेव्हणा म्हणेल, “दाजी, मला एक करा की!” वही काढा, वर चार नावं आधीच लिहिलेली त्याला दिसतील अशी तिरकी धरा आणि म्हणा, “नंबर लावून ठेवतो.” हातातलंच मागू लागला, तर ते संग्रहालयासाठी राखून ठेवलंय म्हणून सांगा. फक्त त्याला फार जवळून बघू देऊ नका. फिरक्या त्याच्या ताईच्या आहेत.