साडूंकडे गाणी ऐकायला जाताना

नात्यात किमान एक रेकॉर्ड-संग्राहक असलेल्या सर्व गृहस्थांसाठी सदर मार्गदर्शिका आहे. उदाहरणादाखल आमचे थोरले साडू घेतले आहेत, कारण तेवढेच हाताशी आहेत.

पूर्वतयारी : जेवून जावे. चहा येतो, पण बाजू संपल्यावर. आणि एलपीची एक बाजू वीसेक मिनिटे चालते. ७८ची लाखेची तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत आटोपते, पण तिच्या आधीचे प्रास्ताविक लांबते, तेव्हा हिशेब तोच.

फर्माईश करू नये. आपण ‘शुक्रतारा’ म्हणावे, तर “अहो, ते काय, सगळेच ऐकतात” म्हणून गोव्याची लोर्ना निघते. लोर्नावरून ख्रिस पेरीचा ट्रंपेट, ट्रंपेटवरून का कोण जाणे गिटार, म्हणून १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’. तीत शिवकुमारांचे संतूर आणि हरिप्रसादांची बासरी बाजूला ठेवून आपण ब्रिजभूषण काब्रांची गिटारच तेवढी ऐकायची असते. तिथून थेट गीतरामायण. १९५५, पुणे आकाशवाणी, गदिमा, बाबूजी, एकूण ५६ गीते. ही ५६ची संख्या साडू परीक्षा घेतल्यासारखी विचारतात. तोंडपाठ असावी.

आता मुख्य नियम. साडू धृपद पूर्ण ऐकू देतात. अंतरा सुरू झाला की त्यांना कंठ फुटतो. “आता बघा हं, आता येईल ती जागा… आली, आली…” एवढे होईतो जागा येऊन गेलेली असते. मग “ऐकलीत?” यावर ताबडतोब “वा!” म्हणू नये, पकडले जाता. थोडे थांबून मान हलवावी. “नीट ऐकू नाही आली” हे तर चुकूनही नको. सुई मागे जाते आणि जागेवर पुन्हा तेच निरूपण होते.

गौहर जानची गोष्ट वेगळी. तिचे १९०२चे ध्वनिमुद्रण साडूंनी कुठूनसे कॅसेटवर उतरवून घेतले आहे. तबकड्या तेव्हा जर्मनीत दाबल्या जायच्या. तिथल्या लोकांना गाणारे कोण ते कळावे म्हणून बाई शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारतात. साडू ते क्षणभर आधी पुकारतात.

बोनी एमची कॅसेट लागली की सांगितले जाते की पुरुषाचा आवाज निर्माता फ्रँक फॅरियनचा, बॉबी फॅरेल नुसता ओठ हलवायचा आणि नाचायचा. हे सांगून झाल्यावर साडू स्वतः उठून फॅरेलसारखे नाचतात. वय ६८, गुडघा बदललेला. इथे मोबाइल काढू नये.

“हे सगळं मोबाइलवर मिळतं की!” नको.

खरं सांगू का, मला कुमारांचं एक निर्गुणी भजन त्यांच्याकडे एकदा, एकदाच, सलग ऐकायचं आहे. क्षय, देवास, गाणं बंद असलेली ती वर्षं, मग निकामी फुफ्फुस, सगळं पाठ झालंय माझं. आणि वैताग असा की घरी तेच भजन लावलं तर दुसऱ्या ओळीनंतर मीच बायकोला देवास सांगायला लागतो.

तांत्रिक बाबी साडूंकडूनच शिकाव्यात, त्यात त्यांना तोड नाही. तबकडी कडेने आणि मधल्या लेबलाला धरायची, खाचांना बोट लागता कामा नये. उभी ठेवायची; थप्पी लावली की वाकते. धूळ खाचांच्या दिशेने, गोल पुसायची. पावसाळ्यात कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती मशीनमध्ये घालायचीच नाही, नाहीतर हेड खराब होऊन पुढच्या दहा कॅसेट्सना प्रसाद मिळतो. मागच्या कडेचे प्लास्टिकचे दात मोडले की वर काही टेप होत नाही. साडूंनी सगळ्यांचे मोडले आहेत, कारण त्यांच्या धाकट्याने एकदा भीमसेनांवर क्रिकेटची कॉमेंट्री टेप केली होती.

उसने काही नेऊ नये. वही आहे. परत आलेल्या नावावर काट, न आलेल्याखाली लाल रेघ. अशाच एका लाल रेघेच्या तेराव्याला साडू गेले आणि येताना ‘अभंगवाणी’ घेऊन आले. म्हणाले, “मी काही बोललोसुद्धा नाही. वहिनींनी आधीच काढून ठेवली होती.”