३००० विरुद्ध २८

कॅमेरा घ्यायचा म्हटलं की घरात दोन पक्ष पडतात, असं ऐकून होतो. आमच्याकडे दोन्ही पक्ष माझ्याच डोक्यात पडले. एक म्हणे निकॉनचा पी-१००० घे, दुसरा म्हणे रिकोचा जीआर-३ घे. स्वेटर घ्यावा की छत्री, अशा जातीचा हा प्रश्न आहे, हे जाणकारांच्या लगेच लक्षात येईल. बाकीच्यांसाठी जरा फोड करून सांगतो.

पी-१००० बाजारात आला २०१८ साली. त्याची लेन्स २४ पासून ३००० मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणजे १२५ पट झूम. वजन १४१५ ग्रॅम. झूमचा खटका दाबला की लेन्स पुढे पुढे सरकत जाते आणि समोरचा माणूस मागे मागे. जीआर-३ हा २०१९ चा. बॅटरी आणि कार्ड धरून २५७ ग्रॅम. लेन्स २८ मिलिमीटरची आणि जन्मभर २८ चीच. झूम नाही, डोळा लावायला व्ह्यूफाइंडर नाही, फ्लॅशसुद्धा नाही. “म्हणजे नसलेल्या वस्तूंचे पैसे घेतात,” असं बायकोचं मत पडलं. बाजारात आले तेव्हा अमेरिकेत दोघांच्या किमती हजार डॉलरच्या अलीकडे-पलीकडे होत्या. दोघांत साम्य म्हणाल तर एवढंच.

मी रीतसर तक्ता केला. आमच्या घराण्यात पत्रिका न बघता लग्नं झालेली आहेत, पण तक्ता न करता साधा मिक्सर आलेला नाही. पहिल्या रकान्यात सेन्सर. पी-१००० चा सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, जीआरचा २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ काढलं तर खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याचा सेन्सर गळ्यात न मावणाऱ्या कॅमेऱ्यापेक्षा तेरापट मोठा! त्या ३००० चं गौडबंगालही इथंच उलगडलं. ती लेन्स प्रत्यक्षात ५३९ मिलिमीटरची आहे. सेन्सर एवढुसा असल्यामुळे तो दृश्याचा मधला कणभर तुकडाच उचलतो आणि जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापात हिशेब केला की त्याचे ३००० होतात. शिवाय पूर्ण झूमवर छिद्र एफ-८ च्या वर उघडत नाही. सुरुवातीच्या २.८ च्या मानाने बघितलं तर प्रकाशाचा आठवा हिस्सा. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, ‘बँकेच्या वेळेत वापरावा.’

तक्ता पूर्ण झाला, निकाल काही लागेना. एक म्हणतो लांबचं बघ, दुसरा म्हणतो जवळ जा. यांची बेरीज-वजाबाकी करायची कशी? शेवटी मुलगी कंटाळून म्हणाली, “बाबा, दोन्ही भाड्याने आणा ना.” पुण्यात लग्नाच्या शेरवानीपासून लेन्सपर्यंत सगळं भाड्याने मिळतं. दोन्ही कॅमेरे घरी आले आणि तुलना माझ्या हातातून गेली. परीक्षा आपण घेतोय असं आपल्याला वाटत असतं, पण पेपर तपासायला आख्खी सोसायटी बसलेली असते.

पी-१००० च्या चकतीवर चंद्रासाठी एक वेगळं चिन्ह आहे आणि पक्ष्यांसाठी दुसरं. त्या दिवशी शुद्ध नवमी होती. चंद्राचे फोटो काढणारे पौर्णिमा टाळतात, कारण त्या रात्री चंद्रावर ऊन थेट समोरून पडतं आणि विवरांच्या सावल्याच नाहीशा होतात. मी तिवई घेऊन गच्चीवर गेलो. पूर्ण झूम केल्यावर एक अनपेक्षित अडचण आली: चंद्र मावेना. चंद्र आकाशात अर्ध्या अंशाचा, आणि ३००० वर चौकटीची उंची त्याहून थोडी कमीच. त्यातून पृथ्वी फिरत राहते. दोन मिनिटांत चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. मी बाजूच्या बटणाने झूम मागे घ्यायचा, चंद्र शोधायचा, बटण सोडायचं, की पुन्हा विवरं. असं चाललं असताना मागे “हे काय आहे?” असा बारीक आवाज आला.

आधी मुलं आली. मग मुलांना शोधायला त्यांच्या आया आल्या. मग कुकरची शिट्टी झालीय हे सांगायला नवरे आले आणि तेही रांगेत उभे राहिले. मी उदार होऊन गुरू दाखवला, त्याच्याजवळचे चार ठिपके दाखवले आणि हेच चंद्र १६१० साली गॅलिलिओने पाहिले, असं छोटंसं भाषणही केलं. एका आजोबांनी बराच वेळ डोळा लावून ठेवला आणि विचारलं, “मग वक्री कधी होतोय?”

एवढ्यात सेक्रेटरी आले. त्यांनी चंद्राकडे एक नजर टाकली, त्यात सोसायटीच्या हिताचं काही आढळलं नसावं. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “अहो, ह्याच्यातून ई विंगची चौथ्या मजल्यावरची गॅलरी कशी दिसते?” आमच्याकडे कबुतरांना ज्वारी कोण टाकतं, हा प्रश्न वर्षानुवर्षं मिनिट्समध्ये पडून आहे. मी म्हटलं, लोकांच्या घरात असं बघणं बरं नव्हे. त्यांनी चकतीवरच्या चिन्हावर बोट ठेवलं. “पक्षीनिरीक्षणाची सोय दिलीय की कंपनीने!”

मी विषय बदलायला जीआर बाहेर काढला. त्यानेही चंद्राचा फोटो काढला. ६००० बिंदूंच्या रुंदीत चंद्राच्या वाट्याला आलेले जेमतेम चाळीस बिंदू पाहून एक बाई कळवळून म्हणाल्या, “लेन्सवर काहीतरी पडलंय हो, पुसून घ्या.”

दुसऱ्या दिवशी मंडईत मात्र बाजू पालटली. महात्मा फुले मंडईची ती अष्टकोनी मनोऱ्याची इमारत १८८६ ची, तेव्हाचं नाव रे मार्केट. वरच्या झरोक्यांतून उन्हाचे पट्टे खाली उतरत होते. मी पी-१००० डोळ्याला लावला. लेन्स पुढे आली मात्र, बाहेर रस्त्याच्या कडेला बसलेल्यांनी टोपल्या भराभरा आत ओढल्या. अतिक्रमणवाले आले, अशी कुजबुज माझ्या आधी कोपऱ्यापर्यंत पोचली. एकाने विचारलं, “कुठल्या पेपरचे?” कुठल्याच नाही, असं सांगितल्यावर त्याचा संशय पक्का झाला. दुसऱ्याने मला हाताला धरून नेलं आणि तुंबलेलं गटार दाखवलं. त्याचा फोटो मी सर्व कोनांतून काढला. तो त्या कॅमेऱ्यातून काढलेला माझा सर्वांत स्थिर फोटो आहे.

कॅमेरा बॅगेत टाकून जीआर हातात घेतला. टोपल्या पुन्हा बाहेर आल्या. कोणी बघेचना! जपानचे छायाचित्रकार दाइदो मोरियामा असल्याच छोट्या कॅमेऱ्याने टोकियोच्या गल्ल्या टिपत हिंडतात, ते का, हे तिथं उमगलं. या कॅमेऱ्यात अंतर आधीच ठरवून ठेवता येतं. मग बटण एका दमात दाबलं की तो फोकस शोधत बसत नाही, ठरल्या अंतरावर खटकन फोटो. मी दीड मीटर ठरवलं. मंडईत दोन माणसांमध्ये दीड मीटर जागा असेल तर तिथं तिसरा माणूस उभा असतो, हे कॅमेरा बनवणाऱ्यांना कोणी सांगितलेलं नसावं. मग अंतर कमी करत मीटरवर आणलं. २८ च्या लेन्सने कमरेपासून वरचा माणूस हवा असेल तर लागतंही तेवढंच.

गोची अशी की मीटरभर अंतरावर थांबलेल्या माणसाला मंडईत गिऱ्हाईक म्हणतात. “काय देऊ काका?” मावशींच्या चेहऱ्यावर ऊन असं काही पडलं होतं की मी शेपूची जुडी घेतली. पुढच्या गाळ्यावर मिरच्यांच्या ढिगामागे एक हसणारे आजोबा होते, त्यांच्याकडून मिरच्या. तराजूच्या पारड्यावर पडलेल्या कवडशासाठी पाव किलो गवार. मोरियामांना शिंजुकूत काय काय विकत घ्यावं लागलं असेल, देव जाणे. फोटो मात्र असे आले की भिंतीवर लावावेत. शेपूच्या काडीन् काडीवर प्रकाश, सावलीतही रंग शाबूत. तेरापट सेन्सरचं चीज झालं. घरी आल्यावर बायकोने फोटो पाहिले नाहीत, पिशवी पाहिली. “हा कॅमेरा चांगला आहे,” ती म्हणाली. “भाजी ताजी आणतो.”

आता न्याय करायचा तर पी-१००० ला त्याच्या माहेरी न्यायला हवं. म्हणून भिगवण. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरलेले, थंडीचे दिवस, अजून उजाडायचं होतं. नावाडी माणसांची जागा लेन्सच्या लांबीवरून ठरवतो. मला मानाने पुढे बसवलं. मी गळ्यातलं धूड सावरत पुढे गेलो. तोच अस्सल ६०० मिलिमीटरची तोफ घेऊन एक गृहस्थ चढले. त्यांनी माझ्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि नुसतं “अरे वा” म्हणाले. त्या दोन शब्दांनी मी पुन्हा मधल्या फळीवर आलो.

खरं सांगायचं तर सूर्य वर आल्यावर त्या तासाभरात पी-१००० ने जे दाखवलं ते ६०० वाल्यालाही दिसलं नसेल. नाव काठाला शांत उभी असताना, पार पलीकडच्या दलदलीतल्या रोहिताच्या चोचीवरून ओघळणारा थेंब मी बघितला. ऊन तापलं आणि पाण्यावरची हवा थरथरू लागली, तशी ३००० ची सगळी जादू वितळली. मधे एवढी हवा असली की तिच्यापुढे कुठलीच लेन्स चालत नाही. पण तो थेंब दिसला होता. उरलेल्या वेळात मी जीआरने नावाड्याचे फोटो काढले. अंतर मीटरभर. त्याच्याकडून विकत घेण्यासारखं काही नव्हतं, म्हणून चहा पाजला.

मी जीआर-३ घेतला. पक्षी मला आवडतात, पण माझे पाय मंडईकडेच वळतात, आणि १४१५ ग्रॅम मानेला बांधून मंडईत फिरण्याचं माझं वय नाही. घरात हल्ली शेपू फार होतो, एवढी एक तक्रार आहे. मेहुण्याने साखरपुड्याला फोटो काढायला बोलावलं होतं. नवा कॅमेरा दाखवल्यावर त्याने शांतपणे फोटोग्राफर ठरवला. हा लाभ तक्त्यात धरायचा राहिला होता.

पी-१००० भाड्याच्या दुकानात परत गेला, पण सोसायटीतून गेलेला नाही. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत सातव्या क्रमांकावर ‘सुरक्षेसाठी दूरदर्शी कॅमेरा खरेदी करणे’ असा ठराव आला आहे. सूचक सेक्रेटरी. अनुमोदक म्हणून, मला न विचारता, मी. ई विंग, चौथ्या मजल्याने लेखी हरकत घेतली आहे. हरकतीच्या पत्रासोबत पुरावा म्हणून एक फोटो जोडला आहे: आमच्या गच्चीवर तिवईमागे वाकलेला मी, शेजारी बोट दाखवणारे सेक्रेटरी, दोघेही स्पष्ट ओळखू येतात. अंधारात, एवढ्या लांबून आणि इतका साफ! कोणत्या कॅमेऱ्याने काढला, ते सभेनंतर त्यांना विचारणार आहे.