देणगीदाराचं बेट

देवळाला पंखा दिला की त्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव येतं. पंखा सुरू झाला की नाव दिसत नाही, हा भाग वेगळा. पण पंखा तरी असतो! अमेरिकेतल्या जॉर्ज क्रॉकर यांचं नशीब तेवढंही नव्हतं. या धनिकाने रॉबर्ट पिअरींच्या उत्तर ध्रुवाच्या मोहिमेला ५० हजार डॉलर दिले. १९०६ साली पिअरी परत आले, ते ध्रुव न गाठताच. आता दात्याला तोंड कसं दाखवायचं? पिअरींनी त्यांच्या नावाने थेट भूप्रदेशच काढला. क्रॉकर लँड.

१९०७ च्या पुस्तकात त्यांनी लिहिलं की, आदल्या जूनमध्ये दुर्बिणीतून वायव्येला, सुमारे दोनशे किलोमीटरवर, बर्फाच्छादित शिखरं दिसली. त्या दिवसांच्या डायरीत मात्र जमीन दिसत नसल्याची नोंद आहे. डायरीचं बरं असतं, तिला देणगीदार वाचत नाही.

१९१३ मध्ये डोनाल्ड मॅकमिलन हे क्रॉकर लँड शोधायला निघाले. पुढच्या एप्रिलमध्ये गोठलेल्या समुद्रावरून चालताना त्यांना ते दिसलंसुद्धा! टेकड्या, दऱ्या, शिखरं, सगळा सरंजाम. सोबतचा इन्युइट वाटाड्या पिउगाटोक म्हणाला, हे धुकं आहे. तो मुलूख त्याच्या ओळखीचा. पण शिष्टमंडळापुढे स्थानिकाचं काय चालतं? मंडळी चालत राहिली. ऊन फिरलं तशा टेकड्या आकार बदलू लागल्या आणि शेवटी समोर नुसता बर्फ उरला. बर्फालगतच्या गार हवेवर उबदार हवेचा थर बसला की प्रकाश वाकतो आणि क्षितिजावर डोंगर उभे राहतात. मृगजळाला वाळवंटच लागतं असं नाही.

मदतीला निघालेली जहाजं बर्फात अडकत गेली आणि मोहिमेतली शेवटची माणसं १९१७ साली घरी पोचली. क्रॉकर १९०९ मध्येच वारले होते; आपल्या नावाचं बेट नाही, हे त्यांना कळलंच नाही. दात्याचं समाधान अबाधित राहिलं.

पिउगाटोकचं काय झालं, तेही सांगायला हवं. परतीच्या वाटेवर, तो आपल्याला टाकून पळतोय असं वाटून मोहिमेतल्या फिट्झह्यू ग्रीनने त्याला गोळ्या घातल्या. त्याच्या माणसांना सांगण्यात आलं की तो अपघातात गेला. ग्रीनवर खटला कधीच चालला नाही.