नाताळच्या सिस्टर मावशी

बीडमधल्या कुठल्याही ख्रिस्ती वस्तीत जा, एक तरी सिस्टर मावशी भेटतेच. दवाखान्यातून निवृत्त, पेन्शन एक आणि खाणारी तोंडं पुष्कळ. तिचा नाताळ भाऊबीज उरकली की सुरू होतो, कारण तेव्हा आकाशकंदील निम्म्या भावात येतात. त्यातली पाच टोकांची चांदणी ती बरोबर हेरते.

"मावशी, दिवाळी झाली की!" दुकानदार म्हणतो.

"तुझी झाली."

केकला अंडी लागतात. शेजारीण ऊसतोडीला गेलेली. मुकादमाची उचल घेतली की कारखान्यावर जावंच लागतं, आणि सगळ्या कोंबड्या काही ट्रॅक्टरवर मावत नाहीत. उरलेल्या मावशीकडं. रोजची अंडी ही राखणावळ. नानकटाईचा मैदा, डालडा, साखर मात्र घरची; ती बेकरीच्या भट्टीवर स्वतः उभी राहते. पत्रे मोजून आत, मोजून बाहेर. पोऱ्यानं एखादी तोंडात टाकली, तर मजुरीतून वजा.

कपडे एकाच ताग्यातले, वाढत्या अंगाचे. उपासनेला कुटुंब निघालं की बँडपथकच वाटतं. रात्री 'उपासना संगीत' आणि ढोलकी घेऊन गाणारी मंडळी दारोदार फिरते. दारी आली की चहा पाजावा लागतो, म्हणून मावशी आधीच त्यांच्यात सामील. दहा घरचा चहा पिते आणि स्वतःच्या घरापाशी आली की म्हणते, "इथं कुणी नाही, मी इथंच हाय. पुढं चला."

१७ सप्टेंबर २०२५ ला अहिल्यानगर-बीड रेल्वे सुरू झाली. कित्येक वर्षं वाट पाहिलेला जिल्हा हरखला. मावशी तेवढी बोटं मोजत बसली. एसटीच्या भाड्याला भिऊन फक्त लग्नाला येणारे नगरचे पाहुणे आता स्वस्तात नाताळलाही येणार! पण तिच्यापाशी येसूर आहे. भाजलेल्या धान्या-मसाल्याची ही पूड रश्श्यात पडली, की किलोभर मटणात अख्खा डबा जेवतो. फोडी कमी आहेत, असं कुणी कुरकुरलंच तर उत्तर तयार असतं: "बेथलेहेमात काय हॉल बुक केला होता का रं? गोठ्यातच भागवलं ना त्यांनी!"

एका बाबतीत मात्र तिचा हात आखडत नाही. फराळाची ताटं. दिवाळीला करंज्या कुणाकडून आल्या, ईदला शीरखुर्मा किती आला, सगळं तिच्या तोंडपाठ. त्याच्या दुप्पट परत जातं. ऊसतोडीला गेलेल्या शेजारणीच्या म्हाताऱ्या सासूला तर पहिलं ताट, वर केकचा मधला तुकडा. विचारलं तर म्हणते, "अंडी तिच्याच कोंबड्यांची."

२५ तारखेला बीडकडं असाल तर तिच्याकडं जरूर जेवा. फक्त काही न्यायचं असेल तर कागदात गुंडाळून न्या. स्टीलचा डबा न्याल, तर तो पुढच्या नाताळापर्यंत परत मिळायचा नाही.