सव्वादोन क्विंटलचा योकोझुना

राक्षसांची लढाई लावायला आधी एक रिकामी दुपार लागते. यवतमाळात मे महिन्यात तिची कमी नसते. पारा पंचेचाळिसाच्या आसपास, दत्त चौकातसुद्धा सामसूम, बाहेर पडायला बंदी आणि कूलरमध्ये पाणी टाकायची पाळी कुणाची यावर वाद. तो वाद मिटला की दोघं जण फरशीवर पालथे पडायचे आणि पत्त्यांचा गठ्ठा निघायचा. साधे पत्ते घरात चालत नसत, तो जुगार. पण डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कुस्तीच्या कंपनीच्या पत्त्यांवर राजा-राणी नव्हती, चड्डीवरचे धिप्पाड पुरुष होते. त्यामुळे ते कोणत्या पापात मोडतात हे मोठ्या माणसांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

1990 च्या दशकात ज्यांचं बालपण गेलं त्यांना नियम सांगायला नकोत, पण बाकीच्यांसाठी सांगतो. एका पत्त्यावर एक पैलवान. खाली आकडे: रँक, हाईट, वेट, चेस्ट, बायसेप्स, फाइट्स फॉट, फाइट्स वन. गठ्ठा निम्मा-निम्मा वाटायचा. आपला वरचा पत्ता फक्त आपण बघायचा आणि त्यावरचा जो आकडा भारी वाटेल तो ठणकावून बोलायचा. समोरच्याचा आकडा कमी निघाला की त्याचा पत्ता आपल्या गठ्ठ्याच्या तळाशी, आणि पुढची बोलीही आपलीच. एकाचा हात रिकामा होईपर्यंत हे चालायचं.

भांडण व्हायचं ते रँकवरून, कारण तिथं लहान आकडा मोठा. पहिल्या रँकचा पत्ता हाती लागला की पोरगं असं काही ओरडायचं की आजी आतून म्हणायची, ‘‘शाळेत पहिला नंबर आल्यावर एवढा नाही ओरडला बाप्पा कधी.’’ शाळेत आला असता तर ओरडलो असतो, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

गंमत अशी की या लढाईत कुणीच कुणाला मारत नाही. अंडरटेकर आणि हल्क होगन समोरासमोर येतात, आणि निकाल लागतो तो छातीच्या इंचांवर. शिंप्याच्या दुकानात लागावा तसा. मुळात हा खेळ ब्रिटनमधला. 1978 साली ‘टॉप ट्रम्प्स’ या नावानं तो तिथं बाजारात आला, तेव्हा त्यात मोटारी होत्या, विमानं होती. मोटारीचा वेग आणि विमानाची लांबी मोजता येते, तोवर ठीक. मग तिथल्याच कुणाच्या तरी डोक्यातून भुताखेतांचा गठ्ठा निघाला आणि त्यात भीतीलाही आकडा दिला. भीती किती, तर अमुक इतकी! आपल्याकडं पैलवान छापणाऱ्यांनी निदान मापं तरी शरीराची ठेवली.

मापं खरी होती का, हा प्रश्न आमच्या घरात एकदाच विचारला गेला आणि तोही वडिलांनी. त्यांचा दिवस जिनिंगमध्ये जायचा, वजनाशिवाय दुसरी भाषा त्यांना पटत नसे. मी ‘वेट, पाचशे पाच!’ म्हणून योकोझुना टाकला, तर पेपरमागून आवाज आला, ‘‘पाचशे पाच काय? किलो?’’ पौंड म्हटल्यावर त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. सव्वादोन क्विंटल. रुईची एक गाठ साधारण 170 किलोची, म्हणजे हा माणूस एक बांधलेली गाठ आणि वर अर्ध्या क्विंटलहून जास्त सरकी. ‘‘काटा बरोबर असन त् हाय बुवा भारी,’’ असा निर्वाळा देऊन ते पुन्हा पेपरात शिरले. योकोझुनाला यवतमाळात याहून मोठा मान कुणी दिला नसेल.

हा योकोझुना म्हणजे जपानी सुमो, असं पत्ता सांगायचा. प्रत्यक्षात तो अमेरिकेत जन्मलेला, सामोअन घराण्यातला. जपानीपण त्याच्यावर कंपनीनं चढवलेलं. वजन मात्र त्याचं स्वतःचं होतं. जायंट गोंझालेसची गोष्ट याहून भारी. अर्जेंटिनाचा हा माणूस मूळचा बास्केटबॉलचा खेळाडू. उंची आठ फूट म्हणून मिरवायची, खरी उंची त्याहून काही इंच कमी. आणि अंगभर स्नायू रंगवलेला, केस चिकटवलेला एक घट्ट पोशाख. आता मला सांगा, अशा माणसाच्या बायसेप्सचा आकडा शरीराचा धरायचा की कापडाचा? कापसाच्या जिल्ह्यात तरी या प्रश्नाला महत्त्व आहे. 1993 च्या रेसलमेनियात हा गोंझालेस अंडरटेकरशी लढला आणि क्लोरोफॉर्म वापरल्याबद्दल बाद झाला. एवढा प्रचंड देह, आणि भरवसा औषधाच्या फडक्यावर.

या सगळ्या महाकायांना शेवटी कुणी हरवलं म्हणाल तर पांडानं. डब्ल्यूडब्ल्यूएफ ही अक्षरं वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या जागतिक संस्थेचीही होती, तिचं बोधचिन्ह पांडा. प्रकरण इंग्लंडच्या कोर्टात गेलं, पांडा जिंकला आणि 2002 मध्ये कुस्तीवाल्यांना नाव बदलून डब्ल्यूडब्ल्यूई करावं लागलं. हाईट बेताची, फाइट्स फॉट एक, फाइट्स वन एक. असा पत्ता कुणी छापला नाही, याचं मला वाईट वाटतं.

हल्ली सुट्टीत दिग्रसहून भाचा येतो. त्याच्याकडं पोकेमॉन असतात. स्टेशनरीच्या दुकानात दहा-वीस रुपयांना मिळणारे, सोनेरी चकाकणारे, ज्यांचा जपानमधल्या मूळ कंपनीशी संबंध असेलच असं नाही. मूळ खेळ 1996 चा, चांगला अवघड. दोघांकडं साठ-साठ पत्त्यांची गड्डी, सहा बक्षिसाचे पत्ते बाजूला, ऊर्जा लावा, हल्ला करा, समोरचा प्राणी आडवा झाला की एक बक्षीस उचला. मी हे सगळं वाचून, समजून घेऊन, चष्मा लावून बसलो. भाच्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘मामा, ते राहू दे. तुह्या पत्त्यावर एचपी किती हाय ते सांग.’’ माझा साठ, त्याचा तीनशे वीस. माझा पत्ता गेला. म्हणजे चित्र जपानचं, छपाई कुठली ते देव जाणे, आणि खेळ आमचाच, फरशीवरचा. मला उगाच बरं वाटलं.

आपल्याकडं राक्षसांची टंचाई आहे म्हणून हे बाहेरून आणावे लागतात असं समजू नका. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला भीमानं कीचकाला मारून दरीत टाकलं असं तिथले लोक सांगतात. दरी बघितल्यावर कीचकाच्या वजनाचा अंदाज येतो. पण खरा पत्ता घटोत्कचाचा. कर्णाची शक्ती छातीत बसली, आता मरायचंच, तर यानं मरता मरता अंग वाढवलं आणि पडला तो कौरवांच्या सैन्यावर, एक अक्षौहिणी चिरडत. हाईट नाही, बायसेप्स नाहीत, फाइट्स वन तर नाहीतच. शेवटच्या क्षणी ‘वेट’ बोलला आणि डाव मारला. या खेळाची इतकी पक्की समज दुसऱ्या कुठल्या योद्ध्यात मला दिसलेली नाही.

तर भाचा आणि मी आपल्या भागाचा गठ्ठा करायला बसलो. जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते केले. पहिला पत्ता वॉकरचा. टिपेश्वर अभयारण्य सुमारे 148 चौरस किलोमीटरचं, तिथला हा नर वाघ. 2019 च्या फेब्रुवारीत त्याला रेडिओ कॉलर लावली, जूनमध्ये तो निघाला, तेलंगणात डोकावला, शेतं, रस्ते, नाले ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरहून जास्त चालला, आणि जिथं थांबला तिथं दुसरा वाघ नव्हता, वाघीणही नव्हती. म्हणून भाच्यानं ‘चाल’ असा नवा रकाना काढला, आणि त्या रकान्यात वॉकरला हरवेल असं काहीही आम्हाला सुचेना. एसटीचा पत्ता करावा असं तो म्हणाला, पण एसटी राक्षस नव्हे यावर आमचं एकमत झालं.

मग त्यानं अवनीचं नाव घेतलं. त्या वाघिणीचा पत्ता मी करू दिला नाही. 2018 च्या नोव्हेंबरात ती मारली गेली. त्याआधी पांढरकवडा-राळेगावच्या बाजूला तेरा माणसं गेली, त्यांतली किती तिनं मारली यावर वाद आहेत. पण त्या गावांत लोक काठी आणि सोबत घेतल्याशिवाय वावरात जात नव्हते. तिथं ‘फाइट्स वन’ लिहायला माझा हात धजला नाही. भाच्यानंही कारण विचारलं नाही, लग्नपत्रिकेचा तो तुकडा कोराच ठेवून दिला.

सगळ्यात मोठा पत्ता वर्धा नदीच्या पलीकडचा, वरोरा तालुक्यातल्या डोंगरगावचा. इसिसॉरस. साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचा शाकाहारी डायनासोर. त्याचे अवशेष कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी शोधले, 1997 मध्ये त्यांचं शास्त्रीय वर्णन झालं आणि 2003 मध्ये त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून आजचं नाव मिळालं. आकडेवाल्यांच्या संस्थेनं शोधलेला राक्षस म्हटल्यावर आमचे रकाने पटापट भरायला हवे होते. तिथंच घोडं अडलं. लांबी? कुणी अठरा मीटर म्हणतं, कुणी बरीच कमी. वजन? त्याचंही तेच, काट्यावर कुणी चढवलेलाच नाही. मागचे पाय? मिळाले नाहीत. डोकं? तेही त्या सांगाड्यासोबत मिळालं नाही.

‘‘डोकं नाही म्हणजे झिरो,’’ भाचा म्हणाला.

‘‘होतं रे. सापडलं नाही.’’

‘‘मंग पत्त्यावर काय लिहू?’’

यावर बराच खल झाला. शेवटी त्यानं एक रकाना असा शोधला की ज्यात या भागाला जगात तोड नसावी: शेण. जवळच्याच पिसदुऱ्याला डायनासोरांची दगड झालेली विष्ठा सापडते. 2005 मध्ये शास्त्रज्ञांनी तिच्यात गवताचे सूक्ष्म कण दाखवून दिले, आणि डायनासोरांच्या काळात गवत होतं हे जगाला इथल्या शेणावरून कळलं. होगन, योकोझुना, पोकेमॉनमधला सोनेरी चारिझार्ड, कुणीही यावं आणि या रकान्यात बोलून दाखवावं.

पत्ते छापणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर आमचा गठ्ठा फुकट घेऊन जा, अट एकच, इसिसॉरसच्या पत्त्यावर डोक्याचा रकाना कोरा ठेवायचा, मनानं काही भरायचं नाही. आणि वाचकांपैकी कुणी पिसदुऱ्याकडं गेलंच, तर तिथले दगड खिशात घालून आणू नका. शाळेच्या पोरांना दाखवायला ते जागेवरच असलेले बरे.