पानाची डावी बाजू

प्रेडनिसोलोनची ५ मिलिग्रॅमची गोळी भिजलेल्या साबुदाण्याच्या दाण्याहून फारशी मोठी नसते. पाण्याच्या घोटाबरोबर ती कधी खाली गेली तेही कळत नाही. पण दुपार व्हायच्या आत ती घराचा ताबा घेते आणि पहिला हुकूम स्वयंपाकघराच्या दिशेने सोडते: आणा काहीतरी खायला.

तिची निंदा करायला मी बसलेली नाही. संधिवाताने माझी बोटं अशी धरली होती की सकाळी नळ फिरवायला ह्यांना हाक मारावी लागे, आणि कणीक तिंबणं तर विसरूनच गेले होते. संधिवाताचं मुख्य औषध आठवड्यातून एकदा घ्यायचं; ते अंगात मुरून कामाला लागायला काही आठवडे घेतं. तोवर निभावून न्यायला डॉक्टरीणबाईंनी ही गोळी दिली. चार दिवसांत मी लोणच्याच्या बरणीचं झाकण स्वतः उघडलं. (त्या बरणीकडे पुढे येणारच आहे.)

ही गोळी स्टिरॉइडची, आणि या जातीच्या औषधांची सुरुवातच मुळी चमत्काराने झाली. १९४८च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांनी संधिवाताने पार जखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. पाय ओढत चालणारी ती बाई काही दिवसांत चालत गावात गेली आणि बाजार करून आली. बरं वाटल्यावर बाईमाणूस आधी खरेदीला जातं, हे वैद्यकशास्त्राच्या इतिहासात असं नोंदलं गेलंय. दोनच वर्षांनी, १९५०मध्ये, हेंच, केंडल आणि राइखश्टाइन या तिघांना नोबेल मिळालं. पण गोल झालेला चेहरा आणि सुटलेलं पोटही तेवढ्यात लोकांच्या नजरेला आलं होतं. खरं तर बॉस्टनच्या हार्वी कुशिंगनी १९३२मध्येच असा चेहरा, असं पोट आणि काटकुळे हातपाय असलेल्या रुग्णांचं वर्णन करून ठेवलं होतं. त्यांच्या अंगात याच जातीचं रसायन आपणहून जास्त तयार होत होतं. आम्ही ते पैसे देऊन घेतो.

आता भुकेविषयी. आपली नेहमीची भूक सभ्य असते. साडेबाराला येते, पोळी-भाजी खाते, निघून जाते. गोळीची भूक येते आणि बसून राहते. पोट भरलंय हे पोटालाही मान्य असतं, पण तोंड ऐकत नाही. शेवटचा ताकभात संपवून हात धुवायला उठावं, तर बेसिनपाशी पोचेपर्यंत डोक्यात सुरू, चार वाजता काय? शेजारच्या घरात फोडणीचा चर्र आवाज झाला की मी इकडे खुर्चीतून अर्धी उठते.

याचं कारण कळलं तेव्हा मला माझ्याच शरीराची दया आली. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी बसलेल्या असतात. त्या रोज कॉर्टिसॉल बनवतात, सकाळी सगळ्यात जास्त. संकट आलं की हे कॉर्टिसॉल साठ्यातली साखर रक्तात सोडतं, आणि मागाहून भरपाई म्हणून जेवण मागतं. प्रेडनिसोलोनची ५ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे साधारण २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल. सुरुवातीला अशा दोन-चार गोळ्या रोज. म्हणजे मी पंख्याखाली बसून शब्दकोडं सोडवतेय आणि माझं शरीर वाघ मागे लागल्याच्या हिशोबाने कामाला लागलंय. वाघ नाही, पळणं नाही, भरपाई मात्र चोख वसूल. तेव्हापासून मी भुकेशी वाद घालणं सोडलं. ती माझी नव्हेच, गोळीची आहे. पाहुणीला उपाशी ठेवता येत नाही, पण पानात काय वाढायचं ते आपण ठरवू शकतो.

वाढण्याचे सल्ले मात्र पाहुणीहून जास्त आले. माझी धाकटी जाऊ दीक्षितपंथी. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं म्हणणं, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा. भाची आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांच्या पंथाची. थोडं थोडं, दर दोन तासांनी. दोघी एका खोलीत आल्या की आधी माझ्या वजनावर एकमत होतं आणि मग जुंपते. माझ्या गोळीने दोघींचाही मान राखलाय. ती दिवेकरांसारखी दर दोन तासांनी खायला बसवते आणि दर वेळी दीक्षितांची पूर्ण ५५ मिनिटं घेते. नणंदेने उपास सुचवला. पण गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही, आणि आपल्याकडच्या उपासात उपाशी राहतो कोण? एकादशी, दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी म्हणजे शुद्ध पिठूळपणा, त्यावर दाण्याचं कूट आणि तूप. भगवंत प्रसन्न होत असेल, ग्लुकोमीटर होत नाही.

सगळ्यात मोलाची गोष्ट सांगितली ती इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ मुलीने. वय माझ्या भाचीएवढंच. मी शहाण्यासारखी आधीच कबूल करून टाकलं, "हे बघ, लाडू बंद, भात एक वाटी, साखर अर्धा चमचा." तिने ते लिहूनही घेतलं नाही. म्हणाली, "काकू, पापड किती? लोणचं रोज?"

आता लोणचं कोणी मोजतं का?

तर मोजावं. आपल्या पानाला दोन बाजू. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी, मधे भात-पोळी. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, पापड. वजन वाढलं की सगळं घर उजव्या बाजूवर आणि भातावर तुटून पडतं. डावीकडे कोणी संशयाने बघत नाही. तिथे सगळं चिमूटभर नि बोटभर. पण स्टिरॉइड मूत्रपिंडांना सोडियम धरून ठेवायला लावतं, आणि सोडियम पाण्याला धरून ठेवतं. सुरुवातीला भराभर वाढलेल्या वजनात बराच वाटा या पाण्याचा असतो. संध्याकाळी मोजे काढल्यावर इलॅस्टिकचा वळ घोट्यावर तासभर दिसत होता, अंगठी साबण लावूनही निघत नव्हती, ती सगळी या डाव्या बाजूची करामत. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, आणि त्यात भाजी, आमटी, पोळीची कणीक, पाव, बिस्किटं, फरसाण सगळं आलं. आमच्याकडे कैरीच्या लोणच्यात मीठ वाटीने पडतं. पापडात मीठ असतंच, वर पापडखार, तोही सोडियमच्याच कुळातला. आणि बेकरीतल्या खारीचं तर नावच पुरेसं आहे.

हे ऐकून नणंद म्हणाली, "वहिनी, मग सैंधव घ्या की! उपासाला चालतं." सैंधवाला आपल्याकडे फार मान. पण खाणीतून निघो की मिठागरातून, गुलाबी असो की पांढरं, आत मुख्यतः सोडियम क्लोराइडच. मूत्रपिंडं रंग बघत नाहीत. दुकानात कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ असतं, त्यात पोटॅशियम घातलेलं असतं; किडनीचा त्रास असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये.

डावी बाजू सगळीच बदनाम नाही हं. लिंबू आणि कोशिंबीर ही तिथली सज्जन मंडळी. कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की काकडी पाणी सोडते, मग चव लागत नाही म्हणून आपण आणखी घालतो. मी ते बंदच केलं. काकडी चोचवली, दही घातलं, भाजलेलं जिरं हाताने चुरडलं, लिंबू पिळलं, मिरचीचे दोन तुकडे. पहिले काही दिवस जीभ रुसली. आमटी फिकी, उसळ फिकी, आयुष्य फिकं. मग आमसूल, चिंच, आलं, मिरी, ओवा, कोथिंबीर यांनी हळूहळू कारभार हातात घेतला. आता बाहेरचा वडा खाल्ला तर पहिल्यांदा मीठच लागतं. ह्यांनी मात्र पहिल्याच दिवशी पानात मीठ मागून घेतलं, वर लोणच्याची बरणी स्वतःच्या बाजूला ओढली. सहजीवनाला मर्यादा असतात.

उजव्या बाजूला उलट भर घालावी लागली. हे औषध चरबी पोटावर नि गालांवर नेऊन ठेवतं आणि स्नायू मात्र झिजवतं, मांड्यांचे विशेषकरून. पाटावरून उठताना भिंत शोधावी लागली की समजावं. आमच्या इमारतीत जिमला जाणारा एक मुलगा आहे. मी स्टिरॉइड घेते हे कळल्यावर त्याने जिन्यात मला अशा आदराने वाट करून दिली की मला दंड झाकावेसे वाटले. "काकू, सायकल किती आठवड्यांची?" त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, त्यांची स्टिरॉइडं स्नायू वाढवणारी, आमची खाणारी. नाव एक, घराणी वेगळी. तर मूग, मटकी, हरभरे, अंडं, दही, ताजा बांगडा यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. खारा बांगडा मात्र नको, तो मनाने डाव्या बाजूचा. हाडांतलं कॅल्शियमही हे औषध कमी करतं, म्हणून नाचणीची भाकरी. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. दूध आहेच, ड जीवनसत्त्व डॉक्टर सांगतील तेवढं. आणि रोज चालणं, जिना असला तर जिना.

साखरेची एक गंमत सांगून ठेवते, कारण ती बऱ्याच जणांना फसवते. सकाळी गोळी घेतली की तिचा साखरेवरचा जोर दुपारी-संध्याकाळी दिसतो. उपाशीपोटीची तपासणी अगदी साळसूद येते, दुपारच्या जेवणानंतरची खरं बोलते. म्हणून माझ्या पानात भात दुपारी कमी, आणि चारच्या चहाबरोबर बिस्किटांऐवजी बिनमिठाचे फुटाणे.

राहता राहिली रात्र. हे औषध झोपही पातळ करतं. रात्री तीनला जाग येते आणि जागेबरोबर भूक. दिवसभराची सगळी तत्त्वं त्या वेळी झोपलेली असतात. स्टीलच्या डब्याचं झाकण दिवसा आवाज करत नाही, रात्री करतं. आतून आवाज येतो, "काय शोधतेस?"

"काही नाही."

"मिळालं का मग?"

यावर उपाय म्हणून ह्यांनी चिवड्याचा डबा माळ्यावर ठेवला. पण गोळीने खांदा इतका मोकळा केलाय की हात आता माळ्यापर्यंत पोचतो. शेवटी मी भुकेचाच मान राखला. झोपण्यापूर्वी ओट्यावर झाकून ठेवते: ज्वारीच्या लाह्या, काकडीच्या चकत्या, कधी वाटीभर मटकीची उसळ. तीनच्या भुकेला निवड नसते, हाताला लागेल ते ती खाते. समोर लाह्या असल्या तर लाह्या.

एवढं करून वजन उतरलं का? पाणी उतरलं, अंगठी निघाली. बाकीचं रेंगाळत उतरतंय. चेहरा अजून गोल आहे. लग्नकार्यात भेटणाऱ्यांना तो फार आवडतो. "तब्येत सुधारली हो तुमची!" आपल्याकडे गाल वर आले की माणूस सुखात आहे असं धरतात, ही त्यांची माया, माझी हरकत नाही. एक बाई मात्र कानाशी येऊन म्हणाल्या, "सोडून द्या ती गोळी, चेहरा पूर्ववत होईल." हरकत आहे ती याला. बाहेरून कॉर्टिसॉल मिळत राहिलं की त्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी काम थांबवतात. गोळी एकदम तोडली तर शरीरात ना बाहेरचं ना घरचं, आणि त्यात माणसाचा जीवही जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर ती पायरीपायरीने कमी करतात. डोस उतरतो तशी भूक उतरते, आणि चेहराही काही महिन्यांत मूळपदावर येतो.

तेव्हा स्टिरॉइड घेणाऱ्या कुणाकडे जाल तेव्हा चेहऱ्याबद्दल काही बोलू नका, आणि गोळी सोडायचा सल्ला तर मुळीच देऊ नका. पेढे नकोत, फरसाण तर नकोच. काही न्यायचंच असलं तर काकड्या न्या. कोवळ्या असतील तर दोन किलोही संपतील.